अनुस्वार बुडाला

आठव्या पानावर ‘चद्र’. दहाव्यावर ‘अतराळ’. अकराव्यावर तर ‘आधळा’. पाचशे प्रतींचे छापील कागद गठ्ठ्यात रचलेले, बाहेर पाऊस, आणि प्रेसचे मालक मला समजावतायत, “फाइलमधीच असन तसं, मॅडम.”

फाइलमध्ये नव्हतं. प्रूफ मी तीनदा वाचलं होतं. मराठी शिकवते मी, अनुस्वार सोडेन का?

पुस्तक कसलं, ते सांगते. फ्रेंच दिग्दर्शक जॉर्ज मेलिएस यांचा १९०२ सालचा चंद्रप्रवासाचा मूकपट मी चौथीच्या वर्गाला दाखवला होता. पाऊण तासाच्या तासिकेत सहज बसतो. तोफेतून उडवलेला गोळा थेट चांदोबाच्या डोळ्यात घुसतो तेव्हा वर्ग खदखदून हसला आणि मागून एकानं विचारलं, “मंग तो आंधळा झाला काय?” त्याच वाक्यावरून मी २४ पानांचं चित्रपुस्तक लिहायला घेतलं. सिनेमात शब्दच नाहीत, त्यामुळे भाषांतराची कटकट नव्हती. एक गोष्ट मात्र मी बदलली. मूळ गोष्टीत शास्त्रज्ञ चंद्रावरच्या एकाला पृथ्वीवर आणून मिरवतात. ते मला सोसलं नाही, मी त्याला वरच ठेवलं. छत्रीचा फटका बसला की चंद्रवासी धूर होऊन उडतात, तो भाग तसाच राहू दिला. तो काढला असता तर पोरांनी मलाच चोपलं असतं.

हक्कांचं विचाराल तर आपल्या कायद्यात सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो, आणि मेलिएसही १९३८ सालीच गेले. पण हातानं रंगवलेली जुनी प्रत अलीकडे दुरुस्त केलीय, त्यातली दृश्यं उचलू नका. चित्रं नव्यानं काढून घ्या. माझ्या भाच्यानं उन्हाळ्याच्या सुटीत कूलरसमोर बसून काढली. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो, एजंटला पैसे देऊ नका.

हे सगळं बिनबोभाट झालं. अडलं ते प्रेसमध्ये.

मालकांनी पहिल्या मंगळवारी फाइलला दोष दिला, दुसऱ्या मंगळवारी फॉन्टला, तिसऱ्या मंगळवारी कागदाला. दर वेळी “चहा घ्या न” आणि “पुढच्या मंगळवारी या न”. मला २३ ऑगस्टच्या आत पुस्तक हवं होतं. त्या तारखेला २०२३ साली चांद्रयान-३ उतरलं, म्हणून आता राष्ट्रीय अंतराळ दिन असतो, आणि शाळेत कार्यक्रम ठरला होता. जुलै संपत आला तरी माझा चंद्र अनुस्वाराविनाच!

खरं कारण शेवटी मशीनवरच्या दादांनी सांगितलं, मालक जेवायला गेले होते तेव्हा. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. डोळा लावला तर अनुस्वाराच्या पांढऱ्या टिंबात निळी शाई भरलेली.

झालं होतं असं. भाच्यानं आकाश काळंभोर रंगवलं आणि मी त्यावर पांढरी अक्षरं टाकली. फाइल छपाईसाठी बदलली तेव्हा ते काळं निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चारही शायांचं झालं. प्रत्येक शाईची छपाईची प्लेट वेगळी. पांढरं अक्षर म्हणजे चारही प्लेटांवर कोरी जागा, आणि त्या चारही जागा एकमेकींवर नेमक्या बसायला हव्यात. पण मशीन दोन रंगांचं! कागद दोनदा फिरणार. पहिल्या दोन रंगांनंतर गठ्ठा रात्रभर पडून राहिला, जुलैतल्या दमट हवेत कागद जरासा ताणला, आणि उरलेले दोन रंग केसभर सरकून बसले. मोठी अक्षरं तरली, अनुस्वार बुडाले. माझं प्रूफ डिजिटल मशीनवरचं होतं, तिथं कागद असा दोनदा फिरत नाही, त्यात हे दिसणारच कसं?

कोटेशनवर ‘फोर कलर’ लिहिलं होतं. खोटं कसं म्हणू, रंग चारच होते! मशीन किती रंगांचं, हे मी विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारा. पैसे देण्याआधी, आणि मशीन डोळ्यांनी बघून.

मग मी अक्षरंच हलवली. काही ओळी चंद्राच्या पांढऱ्या गालावर नेल्या, काही धुरात, काही तिथं पडणाऱ्या बर्फात. सगळी काळी, आणि फक्त काळ्या प्लेटवर. एकच प्लेट, तर सरकणार कशाशी? खरं तर पानंही आधीपेक्षा छान दिसू लागली, पण ते मी मालकांसमोर कबूल केलं नाही. नव्या प्लेटांचे पैसे मी दिले, कागद त्यांनी सोसला. यावर दोन दिवस फोनवर वाद झाला. शेवटी “ठीक आहे न मॅडम, करून टाकू” ऐकलं तेव्हा मला फोनवरच रडू आलं.

पुस्तकं २१ तारखेला मिळाली. दोन खेपा करून स्कूटीवरून आणली, वर प्लास्टिक बांधून.

‘आधळा’वाले रद्द कागद मालक रद्दीत घालणार होते, ते मी मागून आणले. मागची कोरी बाजू चित्रकलेच्या तासाला चालते. हो, शाई वाळायला दोन दिवस द्या, नाहीतर काळी पानं समोरच्या पानावर उमटतात. हेही दादांनीच सांगितलं.

आणि एक राहिलंच. पुस्तक प्रकाशित झालं की ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवावी लागते. मी एकोणतिसाव्या दिवशी सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत रांगेत उभी होते. पाकिटं बंद करण्याआधी चारही प्रतींचं आठवं पान उघडून पाहिलं.