अटॅकच्या वेळी सेकंड ओपिनियनसाठी का थांबले नाही

मला हार्ट अटॅक आला तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होते, बोलत होते. हे आधीच सांगते, कारण अटॅक म्हणजे माणूस छाती धरून कोसळतो असं चित्र बहुतेकांच्या डोक्यात पक्कं असतं. माझ्या छातीत कळ अशी आलीच नाही. मधोमध कुणी जोरात दाबून धरल्यासारखं जड वाटत होतं, जबडा ठणकत होता, पोटात ढवळत होतं आणि दरदरून घाम फुटला होता. बायकांमध्ये जबडा, पाठ, मळमळ, अतोनात थकवा अशा तक्रारी जास्त दिसतात, हे मी वाचलेलं होतं. पडून राहिल्यावरही ते जडपण हलेना, तेव्हा ह्यांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. स्वतः गाडी चालवत नेण्यापेक्षा हे बरं, कारण अशा वेळी हृदयाचा ठोका वाटेतच बिघडू शकतो आणि शॉक द्यायचं यंत्र सुसज्ज अ‍ॅम्ब्युलन्समध्ये असतं.

सगळ्यात जवळचं रुग्णालय लहान होतं, पण तिथल्या डॉक्टरांनी नाव-पत्ता विचारण्याआधी ईसीजी काढला. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी पहिल्या १० मिनिटांत निघायला हवा, असा जगभरचा नियम आहे. कागदाकडे पाहून त्या म्हणाल्या, "ताई, हा हार्ट अटॅकच आहे. उजव्या बाजूची रक्तवाहिनी पूर्ण बंद झालेली दिसतेय." मग त्यांनी छातीच्या उजव्या बाजूला पट्ट्या लावून आणखी एक ईसीजी काढला. त्याचं कारण नंतर कळलं. उजवी धमनी बंद पडली की कधी कधी हृदयाचा उजवा कप्पाही अशक्त होतो, आणि अशा वेळी जिभेखाली ठेवायची गोळी दिली तर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. माझा दाब आधीच कमी होता. म्हणून ती गोळी मला दिली नाही. शेजारपाजारच्यांच्या औषधातून आणलेली गोळी कुणाच्याही जिभेखाली ठेवू नये, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते.

अ‍ॅस्पिरिन मात्र लगेच दिली, ३०० मिलिग्रॅम, चावून खायला. गिळली तर पोटात विरघळण्यात वेळ जातो. तिच्याबरोबर रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटू न देणारं टिकाग्रेलॉर नावाचं औषध दिलं, आणि शिरेतून रक्त गोठू न देणारं हेपरिन.

त्या रुग्णालयात कॅथ लॅब, म्हणजे एक्स-रेखाली रक्तवाहिनीत नळी घालून ती उघडायची खोली, नव्हती. डॉक्टरांनी आम्हा दोघांना दोन वाक्यांत सांगितलं: गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथेच देता येईल, किंवा कॅथ लॅब असलेल्या रुग्णालयात पाठवून रक्तवाहिनी थेट उघडता येईल. निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत तिथे रक्तवाहिनीत घालायची बारीक तार गुठळीपलीकडे जाणार असेल तर पाठवायचं, नसेल तर इंजेक्शन देऊन मग पाठवायचं. अंतर आवाक्यातलं होतं. त्यांनी ईसीजीचा फोटो तिकडच्या हृदयरोगतज्ज्ञांना पाठवला, फोनवर बोलल्या आणि आम्ही निघालो. आम्ही वाटेत होतो तेव्हा तिकडे कॅथ लॅबची माणसं जमत होती. दुसऱ्या रुग्णालयात मला कॅज्युअल्टीत थांबवलंच नाही, स्ट्रेचर सरळ आत गेलं.

वाटेत दादाचा फोन आला. माझा मोठा भाऊ, माझ्यावर जीव असलेला. तो ह्यांना सांगत होता, "सही करायची घाई करू नका. आधी दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवू. हल्ली सरसकट स्टेंट घालतात." मला ऐकू येत होतं. मी फोन मागून घेतला आणि म्हटलं, "दादा, आज नाही."

हा निर्णय मी भीतीपोटी घेतला नव्हता. दादा म्हणत होता ते एरवी योग्यच असतं. ज्याला चढ चढताना छातीत भरून येतं आणि थांबलं की बरं वाटतं, अशा स्थिर आजारात घाई नसते. इस्केमिया नावाचा पाच हजारांवर रुग्णांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. स्थिर आजारात आधी औषधं नीट दिली काय आणि लगेच स्टेंट किंवा बायपास केली काय, मृत्यू आणि अटॅकच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. त्रास कमी होण्यात फरक पडला, तोही ज्यांना त्रास होता त्यांनाच. तिथे चार ठिकाणी विचारावं, महिनाभर विचार करावा.

पण माझी धमनी अरुंद झालेली नव्हती, बंद झाली होती. आतल्या चरबीच्या थराला चीर पडते, त्यावर रक्त गोठतं आणि पुढचा प्रवाह थांबतो. पुढचा स्नायू मरायला पहिल्या अर्ध्या तासातच सुरुवात होते. आधी हृदयाच्या आतल्या बाजूचा थर जातो, मग मरण हळूहळू बाहेरच्या थराकडे सरकत जातं. रायमर आणि जेनिंग्ज या संशोधकांनी १९७७ साली कुत्र्यांच्या हृदयांवरच्या प्रयोगांत हे दाखवून दिलं. म्हणजे प्रत्येक मिनिटाला वाचवण्याजोगा स्नायू कमी होत जातो, आणि गेलेला परत येत नाही. दुसऱ्या डॉक्टरांच्या वेळेची वाट पाहायची तर ती माझ्या स्नायूच्या खर्चाने. शिवाय हा उपाय चांगलाच पारखलेला आहे. २००३ साली २३ चाचण्यांची एकत्र तुलना झाली. त्यात इंजेक्शन दिलेल्यांपैकी साधारण ९ टक्के रुग्ण सुरुवातीच्या काळात दगावले, अँजिओप्लास्टी, म्हणजे वाहिनी थेट उघडणं, झालेल्यांपैकी ७ टक्के. हे आकडे मला नंतर कळले. पण बंद वाहिनीपुढे वेळ नसतो, एवढं त्या दिवशीही ठाऊक होतं.

संमतिपत्रावर सही मीच केली. रक्तस्राव, मूत्रपिंडाला इजा, पक्षाघात, मृत्यू, सगळं त्यात होतं, आणि डॉक्टरांनी ते तोंडीही सांगितलं. धोका आहे, पण काहीच न करण्याचा धोका त्याहून मोठा आहे, हे त्यांचं वाक्य मला पुरेसं होतं.

कॅथ लॅब थंडगार असते. टेबल अरुंद, डोक्यावर फिरणारं एक्स-रेचं यंत्र, बाजूला मोठे पडदे. भूल फक्त उजव्या मनगटाला दिली, टोचल्यासारखं आणि थोडं चुरचुरलं. मग नाडीच्या जागी जेमतेम दोन मिलिमीटरची नळी बसवली. मांडीतून करण्यापेक्षा मनगटातून केल्याने रक्तस्राव कमी होतो. कॅथेटर, म्हणजे लांब बारीक नळी, हातातून वर सरकताना मला फक्त दंडात किंचित ओढल्यासारखं वाटलं. हृदयात तर काहीच जाणवत नाही. एक्स-रेत दिसणारी डाय सोडली की पडद्यावर काळ्या फांद्या उमटायच्या. उजव्या बाजूची फांदी सुरुवातीनंतर थोड्याच अंतरावर तुटल्यासारखी संपत होती. मान वळवून ते मी स्वतः पाहिलं.

त्या तुटलेल्या टोकातून डॉक्टरांनी तार पुढे घातली. ही तार ०.०१४ इंचाची असते, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण एक तृतीयांश जाड. ती पलीकडे गेली आणि छोटा फुगा फुगवून वाट मोकळी केली, त्याबरोबर मला भयंकर वाटलं. ठोका मंदावला, डोळ्यांपुढे अंधारी आली, उलटी होणार असं वाटलं. "ताई, खोका! जोरात खोका!" डॉक्टर ओरडले. मी खोकले. सिस्टरनी सलाईनमधून ठोका वाढवणारं अ‍ॅट्रोपिन दिलं. उजव्या धमनीत रक्त अचानक परत वाहू लागलं की असं होऊ शकतं, हे मला आधी कुणी सांगायला वेळ नव्हता. म्हणून इथे मुद्दाम लिहिते आहे. ज्या क्षणी सर्वांत वाईट वाटतं तो रक्त पोचल्याचा क्षण असू शकतो. पाचेक मिनिटांत ठोका सावरला, आणि छातीवरचं ते दडपण निघून गेलं.

त्या खोकण्याचा इतिहास मी पुढे आयसीयूत पडल्या पडल्या वाचला, आणि मला फार आपुलकी वाटली. १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स एका रुग्णाची तपासणी करत होते. त्यांचं कॅथेटर चुकून उजव्याच धमनीत शिरलं आणि डाय थेट तिच्यात गेली. तोवर असं केलं तर माणूस मरेल अशी समजूत होती. रुग्णाचं हृदय थांबलं. सोन्सनी त्याला खोकायला सांगितलं, तो खोकला आणि ठोके परत सुरू झाले. त्या अपघातातून हृदयाच्या धमन्यांची अँजिओग्राफी जन्माला आली. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी जागत्या माणसाच्या हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. मला वाचवणारी ही विद्या एवढी तरुण आहे.

फुग्यानंतर स्टेंट बसवला, म्हणजे औषधाचा लेप असलेली धातूची बारीक जाळी. त्या लेपामुळे वाहिनी आतून पुन्हा भरून येण्याचं प्रमाण खूप कमी होतं. मग डाव्या बाजूचीही चित्रं घेतली. समोरच्या मोठ्या धमनीत आणखी एक अडथळा निघाला, साधारण ८० टक्के. त्याला त्या दिवशी हात लावला नाही.

आयसीयूतल्या दिवसांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मनगटावरचा हवेचा पट्टा हळूहळू सैल करत काढला. डायचा भार मूत्रपिंडावर पडतो म्हणून मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन तपासत होते. टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची खालची भिंत सुस्त दिसली आणि पंपिंग, म्हणजे हृदय प्रत्येक ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर टाकतं ते, ४५ टक्के आलं. ऐकून हे खचले. डॉक्टरांनी समजावलं की वेळेत रक्त मिळालेला स्नायूही काही आठवडे बधिर राहतो, म्हणून खरा आकडा दीड-दोन महिन्यांनी पाहायचा.

आता त्या दुसऱ्या अडथळ्याबद्दल. इथे मात्र मी सेकंड ओपिनियन घेतलं. डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीची सीडी आणि इकोचा रिपोर्ट घेऊन दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो, दादाही बरोबर होता. त्यांनी सीडी दोनदा पाहिली. अटॅकला कारण नसलेले अडथळेही काही आठवड्यांत उघडले तर पुढचे अटॅक कमी होतात, असं २०१९ च्या कम्प्लीट या चार हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात दिसलं आहे, हे त्यांनी सांगितलं. माझा अडथळा त्याच गटात बसत होता. दादाने मनातलं सगळं विचारून घेतलं. मग तारीख ठरवून, शांतपणे ती अँजिओप्लास्टी झाली. त्यानंतरच्या इकोत पंपिंग ५५ टक्क्यांवर आलेलं होतं.

स्टेंट बसला की काम झालं असं घरच्यांना वाटतं, मलाही कुणी कुणी "आता तू नवी झालीस" म्हणालं. ते खरं नाही. जाळीवर पेशींचा थर चढेपर्यंत तिच्यावर गुठळी होण्याचा धोका असतो. म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीचं औषध साधारण वर्षभर एकत्र घ्यायचं, आपल्या मनाने एक दिवसही बंद करायचं नाही. टिकाग्रेलॉरने मला अधूनमधून श्वास पुरेना. हा त्या औषधाचा माहितीतला परिणाम आहे. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी तपासून हृदयाचं कारण नाही ना हे पाहिलं, आणि काही दिवसांत ते आपोआप कमी झालं. नसतं झालं तर दुसरं औषध देता आलं असतं, पण ते त्यांनी बदलायचं. कोलेस्टेरॉलची गोळी कायमची आहे. वाईट कोलेस्टेरॉल ५५ च्या खाली ठेवायचं असं माझं लक्ष्य आहे.

मध्येच एक दाढ काढावी लागली. दंतवैद्यांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल विचारलं, मी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांचा नंबर दिला, आणि दोघांनी बोलून गोळ्या चालू ठेवूनच दाढ काढायचं ठरवलं. रक्त थांबायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, बोळा दाबून बरंच बसावं लागलं. त्या रात्रीची गोळी मी ठरलेल्या वेळी घेतली.