बंगळूरची सीमेबदनेकायी आणि तीन आठवड्यांचा बिनदुधाचा स्वयंपाक

लेक व्हीगन झाली त्याला दोन वर्षं झाली. पुण्यात तिचं ती करून खाते. या मे महिन्यात मात्र ती तीन आठवडे आमच्याकडे बंगळूरला आली आणि दूध, दही, तूप बाजूला ठेवून दोन्ही वेळचं रांधायचं ठरलं. भाकरी, आमटी, उसळ, पिठलं यांची मला काळजी नव्हती, आपली फोडणी तेलाचीच असते. पण दुधी आणि दोडका आलटून पालटून चार दिवस झाल्यावर ती म्हणाली, "आई, इथलं काहीतरी कर ना."

भाजीवाल्याकडे एक ढीग मी वर्षभर नुसताच बघत आले होते. नासपतीच्या आकाराची, फिकट पोपटी फळं, बुडाशी मिटलेल्या मुठीसारख्या चुण्या. नाव विचारलं तर म्हणाला, "सीमेबदनेकायी." मी मिरजेची. बदनेकायी म्हणजे वांगं, एवढं कानडी तिथे सगळ्यांच्याच कानावरून गेलेलं असतं. अर्धा किलोत दोन बसली. घरी येईपर्यंत माझा बेत ठरलाही होता: आमच्या सीमाभागात करतात तशी एण्णगायी, म्हणजे दाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं आणि काळा मसाला भरलेली तेलातली वांगी.

सोलायला घेतली आणि बोटांना बुळबुळीत पाणी लागलं. पाच मिनिटांत ते वाळलं आणि कातडी ताणल्यासारखी झाली, डिंक वाळतो तशी. साबणाने दोनदा हात धुतले तरी बोटं कोरडीठाक लागत होती. भाजी खराब तर नाही ना, अशी शंका आली. तरी चिरा दिल्या, मसाला भरला, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवली. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर मसाला सगळा बाहेर, कढईत पाणीच पाणी, आणि सुरी टोचली तर आतला गर अजून करकरीत. लेकीने खाल्लं, पण मसाला एकीकडे आणि भाजी दुसरीकडे, अशीच चव होती. मला फार वाईट वाटलं. एवढ्या हौसेने मागितलेलं पहिलंच ताट होतं ते.

दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्या अम्मांना विचारलं. त्यांनी आधी माझे हात बघितले. म्हणाल्या, सोलण्याआधी तेल लावायचं, नाहीतर पाण्यात धरून सोलायचं. सुरण चिरताना, फणस फोडताना आपण तेच करतो की! हिला चीक असतो हेच मला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी नावाचा उलगडा केला. सीमे म्हणजे परदेशातून आलेलं. रॉकेलला कानडीत सीमेएण्णे म्हणतात, तसंच हे. आपण विलायती चिंच म्हणतो ना, त्यातलंच नाव, ती काही आपली खरी चिंच नव्हे. हीही वांग्याची कोणी नाही. मूळची मेक्सिकोकडची, कुळ काकडी-भोपळ्याचं. तमिळमध्ये हिला चौ चौ म्हणतात, दार्जिलिंगकडे इस्कुस, आणि तिथे वेलाचे कोवळे शेंडेही भाजीला घेतात.

एवढं कळल्यावर एण्णगायी का बिघडली ते उमगलं. वांग्याचा गर स्पंजासारखा, तेल-मसाला आत ओढून घेणारा. हिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. ती काही आत घेत नाही, आतलंच बाहेर सोडते. म्हणजे हिला दुधीसारखं वागवायला हवं.

त्या दिवशी दोन मोठे चमचे चणाडाळ तासभर भिजत घातली. फळं तेलाच्या हाताने सोलून बोराएवढ्या फोडी केल्या. आत एकच चपटी बी असते, मऊ आणि पांढरी. ती टाकायची नाही, शिजल्यावर छान लागते. फोडणीत मोहरी, हिंग, कढीपत्ता, सुकी मिरची, मग डाळ परतून त्यावर फोडी. पाण्याचा थेंबही घातला नाही. झाकणावर मात्र पाणी ठेवलं. बारा मिनिटांत फोडी पारदर्शक झाल्या, डाळ बोटाने दाबली की मोडत होती. मीठ, चिमूटभर गूळ, वरून मूठभर ओलं खोबरं. लेकीने तीन पोळ्या खाल्ल्या आणि कढई पुसून घेतली. इथे याला पल्य म्हणतात, पण मला ती माझ्या आईची दुधीची भाजीच वाटली, फक्त जरा खुसखुशीत आणि गोडसर.

सालं टाकवेनात. दोडक्याच्या शिरांची चटणी ज्या घरात होते तिथे हे जमणारही नाही. पहिल्यांदा तशीच तीळ आणि सुकं खोबरं घालून कोरडी केली, पण सालं चामट राहिली. दुसऱ्या वेळी दोन चमचे तेलात नीट मऊ होईपर्यंत परतली, बरोबर एक चमचा उडीदडाळ, चार हिरव्या मिरच्या, दोन लसूण पाकळ्या; गार झाल्यावर चिंचेचं छोटं बुटूक आणि खोबरं घालून वाटली. ही भाकरीबरोबर इतकी चांगली लागते की आता मी सालांसाठीच फळ घेते.

अम्मांच्या घरची खासियत मज्जिगे हुळी, म्हणजे ताकातली पातळ भाजी. ताक चालणार नव्हतं. मला सोलकढी आठवली: नारळाचं दूध आणि आंबटपणा, तिथे दह्यावाचून कुठे अडतं? भिजवलेली चणाडाळ, ओलं खोबरं, आलं, जिरं, हिरवी मिरची, कोथिंबीर एकत्र वाटून शिजलेल्या फोडींत घातलं आणि आठ मिनिटं ढवळत उकळलं, कारण कच्ची डाळ नीट शिजायला हवी आणि ती बुडाला धरते. मग आच एकदम कमी करून नारळाचं दूध. इथे घाई नको, खळखळून उकळी आली की दूध फाटतं. गॅस बंद करून लिंबू पिळलं. आमसूल घातलं असतं तर रंग गुलाबी झाला असता आणि मला हिरवाच हवा होता. वरून खोबरेल तेलाची फोडणी. वाटी अम्मांकडे पाठवली. संध्याकाळी त्या स्वतः वाटी परत द्यायला आल्या, नारळाचं दूध पातळ घेतलं की दाट ते विचारायला.

टोपलीत राहिलेल्या एका फळाला तोवर कोंब आला होता. बी फळाच्या आतच रुजते आणि चुण्यांच्या फटीतून डोकं काढते. लावायचं तर अख्खं फळच लावायचं, कोंबाची बाजू खाली तिरकी, अर्धं मातीवर. बाल्कनीतल्या मोठ्या कुंडीत तसं ठेवलंय आणि वर ग्रीलला सुतळी बांधली आहे.

लेक रविवारी पुण्याला गेली. बॅगेत दोन फळं होती, कागदात गुंडाळलेली. बसमध्ये बसल्यावर तिचा फोन आला, "आई, तेल आधी हाताला की सुरीला?"

"दोन्हीला," म्हटलं.