चार प्रती ‘उपलब्ध’ : ॲनालिटिकलच्या एका पुस्तकामागचे एकोणीस दिवस

लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर हॅरिसच्या, म्हणजे ॲनालिटिकल केमिस्ट्रीच्या एका पाठ्यपुस्तकाच्या, चार प्रती दिसत होत्या आणि चारींपुढे हिरव्या अक्षरांत ‘उपलब्ध’. त्या हिरव्या अक्षरांच्या भरवशावर मी पहिल्या सेमिस्टरचे एकोणीस दिवस घालवले. परीक्षा झाली, निकाल लागला, मार्कही बरे पडले, तरी तो हिरवा रंग आठवला की अजून डोकं फिरतं.

बी.एस्सी.नंतर दोन वर्षं मी लोट्याच्या एमआयडीसीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला, होतो. ब्युरेटवर, म्हणजे टायट्रेशनच्या मापनळीवर, हात बसला होता, पण ‘का’ असं कुणी विचारलं की माझी गाडी अडायची. पाण्याचा हार्डनेस काढताना पीएच १०चा बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घालायचा, कारण एसओपीत, म्हणजे ठरवून दिलेल्या कृतीत, तसं लिहिलंय. एवढंच. म्हणून पुण्याला एम.एस्सी. ॲनालिटिकलला आलो. प्रवेश, फी, हॉस्टेल यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही.

सिलॅबसच्या शेवटी अकरा पुस्तकांची यादी होती. कुठलं वाचायचं आणि कुठलं नुसतं चाळायचं, याबद्दल एक अक्षर नाही. सीनियर म्हणाले, “पुस्तकांच्या नादी लागू नकोस, झेरॉक्सवाल्याकडे नोट्स आहेत.” त्या घेतल्या. त्यांत पर्मँगनेटने होणाऱ्या ऑक्सिडेशनचं एकच समीकरण तीन पानांवर तीन प्रकारे बॅलन्स केलेलं होतं.

मग रीडिंग रूममध्ये बसून मी स्वतःच पुस्तकं तपासली. माझी पद्धत सोपी होती. एकच प्रश्न घ्यायचा, ‘ईडीटीए टायट्रेशनला पीएच १०च का?’, आणि प्रत्येक पुस्तकात त्याचं उत्तर शोधायचं. (ईडीटीए म्हणजे पाण्याला हार्डनेस आणणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणारं रसायन.) व्होगेलमध्ये काय घ्यायचं, किती घ्यायचं, रंग कसा पालटतो ते चोख मिळतं. ते प्रॅक्टिकलच्या टेबलावरचं पुस्तक, आणि तिथे त्याला तोड नाही. आयआयटी मुंबईच्या खोपकर सरांचं पुस्तक आटोपशीर आणि आपल्या सिलॅबसच्या जवळ जाणारं. स्कूगमध्ये सगळं आहे, पण इतकं सगळं आहे की रात्री अकरानंतर डोळे मिटतात. हॅरिस मी रेफरन्सच्या कपाटापाशी उभ्यानेच वाचलं आणि दहा मिनिटांत उलगडा झाला. पीएच खाली गेला तर ईडीटीएवर हायड्रोजन चिकटून राहतात आणि मॅग्नेशियमची पकड ढिली पडते. फार वर नेला तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. दोन वर्षं मी रोज तो बफर ओतत होतो!

तेव्हाच ठरलं, हेच पुस्तक घरी न्यायचं. नवं घेण्याची ऐपत नव्हती.

इश्यू काउंटर अकरा ते एक. आमचं प्रॅक्टिकल दहा ते दोन. हे वेळापत्रक कुणी केलं ते मला आजही जाणून घ्यायचंय. पहिल्या दिवशी टायट्रेशन अर्धवट टाकून, ॲप्रन घालूनच धावत गेलो. मॅडम म्हणाल्या, “ॲप्रन काढून ये.” काढून आलो तर एक वाजून दोन मिनिटं झालेली.

दुसऱ्या खेपेला कळलं की चारपैकी एक प्रत रेफरन्सची, ती बाहेर जात नाही. एक बाइंडिंगला गेलीय. कधी गेली? “मागच्या वर्षी.” उरलेल्या दोन ‘डिपार्टमेंटल’ला. डिपार्टमेंटच्या कपाटाला कुलूप, किल्ली एका सरांकडे, आणि सर रिफ्रेशर कोर्सला. मी विचारलं, मग कॉम्प्युटरवर उपलब्ध कसं दिसतं? “कॉलेजात आहे म्हणजे उपलब्धच की.” यावर काय बोलणार.

अर्ज केला. तो आधी विभागप्रमुखांच्या सहीला, मग ग्रंथपालांकडे, मग पुन्हा विभागप्रमुखांकडे, कारण मी ‘पुस्तक मिळणेबाबत’ असा विषय लिहिला होता आणि तो ‘विभागीय ग्रंथालयातून पुस्तक मिळणेबाबत’ असा हवा होता. सर परतले, कपाट उघडलं. आत हॅरिसची एकच प्रत, तीही एका पीएच.डी.वाल्याच्या नावावर. दुसरीचा पत्ता नाही. सर भले माणूस, म्हणाले, “अरे, इथेच होती.” कपाटाच्या काचेतून रोज दिसणारा निळा कणा हॅरिसचा नव्हताच. ते कुठलंतरी पॉलिमरचं पुस्तक निघालं.

एकोणिसाव्या दिवशी लॅबमधले मामा ब्युरेट धुता धुता म्हणाले, “कसली धावपळ चाललीय रे तुझी?” सांगितलं. त्यांनी माझं लायब्ररी कार्ड मागितलं, उलटं केलं आणि माझ्यासमोर धरलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नियम ७ होता: रेफरन्सचं पुस्तक संध्याकाळी साडेचारनंतर एका रात्रीसाठी मिळेल, सकाळी दहाच्या आत परत. कार्ड सगळा वेळ माझ्याच खिशात होतं. मला मामांना मिठी मारावीशी वाटली आणि त्याच वेळी काउंटरवर जाऊन भांडावंसंही वाटलं. भांडलो नाही. साडेचारला रांगेत पहिला उभा राहिलो.

तेव्हा आधी कार्डाची मागची बाजू वाचा. मग अर्ज वगैरे.

एका रात्रीत नऊशे पानं वाचून होत नाहीत, त्यामुळे निवड करावीच लागली. पहिल्या रात्री चुका आणि अनिश्चितता यांचं प्रकरण घेतलं, जे वर्गात दोन तासांत उरकलं होतं. पुस्तक पुढ्यात ठेवून गणित सोडवायचं नाही, हे मी तिथे शिकलो. उदाहरणाचं उत्तर पट्टीने झाकायचं, स्वतः करायचं, मग पट्टी सरकवायची. सुरुवातीला माझी निम्मी उत्तरं सिग्निफिकंट फिगर्समध्येच, म्हणजे उत्तरात किती अंक ठेवायचे यातच, मार खायची.

सातआठ रात्रींनंतर अप्पा बळवंत चौकात साडेतीनशे रुपयांत जुनं स्कूग मिळालं आणि रात्रीच्या फेऱ्या कमी झाल्या. पण दोन पुस्तकं झाली की भांडणं लागतात. पीएच १०ला ईडीटीएचा किती अंश पूर्ण मोकळा, म्हणजे चार ऋणभाराचा असतो? माझ्या स्कूगमध्ये ०.३५, हॅरिसमध्ये ०.३०. पार्टनरचं आणि माझं उत्तर जुळेना, आम्ही तासभर एकमेकांची आकडेमोड तपासली. मग लक्षात आलं की शेवटचा पीके (ईडीटीएवरचा शेवटचा हायड्रोजन किती सहज सुटतो ते सांगणारा कॉन्स्टंट) एकाने १०.२६ धरलाय, दुसऱ्याने १०.३७. दोन्ही आकडे घालून बघा, ०.३५ आणि ०.३० बरोब्बर येतात. चूक कुणाचीच नव्हती. तेव्हापासून मी वहीत उत्तराशेजारी कॉन्स्टंट कुठल्या पुस्तकातला ते लिहितो.

असाच घोळ नॉर्मॅलिटीचा, म्हणजे द्रावणाची तीव्रता सांगण्याच्या जुन्या पद्धतीचा. आमचं जर्नल अजून ०.१ नॉर्मल पर्मँगनेट म्हणतं, पुस्तकं मोलॅरिटी (लिटरमागे किती मोल) बोलतात. ॲसिडमध्ये पर्मँगनेटचा एक आयन पाच इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून ते ०.०२ मोलर. हे पहिल्याच पानावर लिहून ठेवलं तर व्हायव्हात तोंड उघडं पडत नाही. माझं पडलं होतं. आणि बाकीच्यांपासून फटकून असलेलं रीडिंग टाकायचं की ठेवायचं हे ठरवायला पेपरात क्यू टेस्ट विचारतात, हॅरिसच्या अलीकडच्या आवृत्त्या ग्रब्ज टेस्टकडे वळल्यात. दोन्ही करून जा.

नेट असेल तर डेव्हिड हार्वे यांचं ॲनालिटिकल केमिस्ट्रीचं पुस्तक मोफत मिळतं, लेखकानेच खुलं केलंय. हे मला दुसऱ्या सेमिस्टरला कळलं. त्या एकोणीस दिवसांच्या आधी कळलं असतं तर हा लेख झाला नसता.

हॉस्टेलच्या बोअरचं पाणी मी या सगळ्या काळात स्वतःच तपासलं. ५० मिली नमुन्याला ०.०१ मोलर ईडीटीए १७.४ मिली लागलं. एक मिली म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे लिटरला ३४८ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत स्वीकारार्ह, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. साबणाला फेस का येत नाही ते रेक्टर सरांना आकड्यानिशी सांगितलं. ते म्हणाले, “अर्ज कर.”

एक राहिलंच. जुनं पुस्तक घेताना शेवटची पानं मोजा. माझ्या स्कूगमधला कॉन्स्टंट्सचा अपेंडिक्स कुणीतरी ब्लेडने सफाईने कापून नेलेला होता. ते मला घरी येऊन, पहिलंच गणित घातल्यावर कळलं.