हातात गुटशाइन, पण जागा नाही

बर्लिनमध्ये नोकरीसाठी येणाऱ्या कुटुंबांना घर शोधून देणे, पत्त्याची नोंदणी करून देणे, आरोग्यविमा आणि बँकेची कामे मार्गी लावणे हा माझा व्यवसाय आहे. यांतली बहुतेक कामे कागदावर चालतात आणि कागद नीट असले की ती होतातही. मुलासाठी पाळणाघर शोधणे मात्र कागदावर सुरू होते, पण कागदावर संपत नाही, हे मला २०१८च्या ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी पुरते कळले.

कुटुंब चिंचवडहून आले होते. वडिलांना ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर, सॉफ्टवेअरची नोकरी मिळाली होती, आईलाही इथल्या एका कंपनीने घेतले होते आणि तिला १ नोव्हेंबरला रुजू व्हायचे होते. मुलगा दोन वर्षांचा. चिंचवडला त्यांनी घराजवळची तीन पाळणाघरे पाहिली होती, त्यातले एक पसंत करून अनामत भरली होती आणि पुढच्या सोमवारपासून मुलगा तिथे जाऊ लागला होता. इथेही थोडेफार तसेच असेल अशी त्यांची समजूत होती आणि ती वेळेवर दूर करण्यात आम्ही कमी पडलो होतो. आमच्या कामांच्या यादीत पाळणाघर बँकेच्या खात्यानंतर येत असे. ते सर्वांत वर असायला हवे होते.

जर्मनीत १ ऑगस्ट २०१३पासून, वय वर्ष एक पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला दिवसाच्या सांभाळासाठी जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. बर्लिनमध्ये त्यासाठी आपल्या विभागाच्या युगेंडआम्टकडे, म्हणजे बालकल्याण कार्यालयाकडे, अर्ज करावा लागतो आणि तिथून ‘किटा-गुटशाइन’ मिळतो; किटा म्हणजे पाळणाघर आणि गुटशाइन म्हणजे त्यासाठीचे व्हाउचर. मुलाला दिवसाचे किती तास मंजूर झाले हे त्यावर लिहिलेले असते. सात ते नऊ तास हवे असतील तर आईवडील दोघांच्याही नोकरीचे कागद जोडावे लागतात. हा अर्ज नऊ महिने आधी करता येतो, पण परदेशातून येणाऱ्याला त्या सवलतीचा काही उपयोग नसतो, कारण अर्जाला बर्लिनचा पत्ता लागतो, पत्त्याच्या नोंदणीला घरमालकाचे पत्र लागते आणि घर मिळेपर्यंतच कित्येक आठवडे निघून जातात. या कुटुंबाच्या हाती गुटशाइन पडला तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून शहराने सर्व मुलांची फी माफ केली होती, फक्त जेवणाचे महिन्याला २३ युरो भरायचे होते. हे कळल्यावर वडिलांनी मला आनंदाने फोन केला होता. गुटशाइन ही शहर पैसे भरेल याची हमी असते, जागा ज्याची त्याने शोधायची, हे त्यांना सांगताना मला फार जड गेले.

ते वर्ष बर्लिनच्या पालकांसाठी अवघड होते. मार्चमध्ये बर्लिन-ब्रांडेनबुर्गच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने बजावले होते की, माणसे मिळत नाहीत ही सबब सांगून शहराला जबाबदारी टाळता येणार नाही आणि घरापासून वाजवी अंतरावर जागा द्यावीच लागेल. मे महिन्यात पालक रस्त्यावर उतरले होते. पण निकाल लागला म्हणून ऑक्टोबरपर्यंत शिक्षिका कुठून येणार होत्या? आम्ही सत्तावीस किटांना ईमेल पाठवले. पाच उत्तरे आली आणि पाचही ठिकाणी प्रतीक्षायादी होती. त्यात भर म्हणजे मोठी मुले शाळेत जातात ती ऑगस्टमध्ये, त्यामुळे जागाही मुख्यतः तेव्हाच रिकाम्या होतात. अधेमधे एखादे कुटुंब गाव सोडून गेले तरच काही हाती लागते. आणि अशी बातमी ईमेलवर कोणी कळवत नाही. म्हणून मी मुलाच्या आईला म्हटले, “उद्या आपण पायी निघू, त्यालाही बरोबर घ्या.”

बर्लिनच्या फ्रीडरिशहाइन भागात फ्रांकफुर्टर टोर चौकापासून आम्ही सकाळी आठला सुरुवात केली आणि तीच चूक ठरली. मुलांना सोडायची ती वेळ, कोणालाही बोलायला फुरसत नव्हती. मुले जेवून झोपली की साडेबारा ते दोनच्या दरम्यान संचालिका भेटते, हे त्या दिवसानंतर मी कधी विसरले नाही. बॉक्सहागेनर प्लाट्सजवळ जुन्या दुकानाच्या गाळ्यातली एक छोटी किटा होती. ती पालकांनीच चालवलेली, स्वयंपाकाची आणि सफाईची पाळी सर्वांना असते. तिथे सोळा मुले होती आणि यादीत त्याहून जास्त. चौथ्या ठिकाणी संचालिकेने काही न बोलता एका खोलीचे दार उघडून दाखवले. छोट्या खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लावल्या होत्या, गाद्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या होत्या आणि खिडकीवर मागच्या हिवाळ्यातले कागदी हिमकण तसेच चिकटलेले होते. “जागा आहे,” ती म्हणाली, “सांभाळायला माणसे नाहीत. मार्चपासून खोली बंद आहे.” मुलाची आई बराच वेळ त्या खुर्च्यांकडे पाहत राहिली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “ताई, मी नोकरीला नाही म्हणून कळवू का?” मी तिला म्हटले की संध्याकाळपर्यंत थांबा. त्या क्षणी माझ्याजवळ दुसरे काहीच नव्हते.

दीडच्या सुमारास आम्ही पूर्व जर्मनीच्या काळात बांधलेल्या एका मोठ्या, काँक्रीटच्या किटेत पोहोचलो. संचालिकेने तेच उत्तर दिले, ऑगस्टमध्ये या. आम्ही उठत होतो, तेवढ्यात मुलाने आईचा दुपट्टा ओढून “मम, मम” असा धोशा लावला. कोपऱ्यात कागद लावत बसलेल्या शिक्षिकेने विचारले, “तो काय मागतोय?” पाणी, असे कळल्यावर तिने पेला भरून आणला, त्याच्यासमोर खाली बसली आणि तो पिऊन होईपर्यंत तिथेच थांबली. मग तिने हातातल्या कागदाच्या मागे तो शब्द लिहून घेतला आणि आणखी विचारले. शू लागली तर तो काय म्हणतो? उचलून घ्या कसे सांगतो? आईने एकेक शब्द सांगितला आणि तिने तो रोमन लिपीत, उच्चार दोनदा विचारून उतरवला. संचालिका हे सगळे ऐकत होती. ती म्हणाली, एक कुटुंब डिसेंबरअखेर बर्लिन सोडणार आहे अशी बोलवा आहे, पक्के नाही. तिने मुलाचे नाव पेन्सिलीने लिहिले आणि दर दोन आठवड्यांनी एक ईमेल पाठवायला सांगितले. त्या दिवशी एवढेच मिळाले. नोव्हेंबरच्या शेवटी करार आला. आईच्या कंपनीने रुजू होण्याची तारीख फेब्रुवारीपर्यंत पुढे ढकलली, तीही आम्ही मागणी केल्यावर.

फेब्रुवारी म्हणण्याचे कारण येणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणालाच ठाऊक नसते. जागा मिळाली म्हणजे मूल दुसऱ्या दिवसापासून सोडून जाता येते असे नाही. बर्लिनच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीनुसार पहिले तीन दिवस आई किंवा वडील तासभर मुलाबरोबर खोलीत बसतात. चौथ्या दिवशी ते पहिल्यांदा बाहेर जातात, फार तर अर्धा तास, आणि चौथा दिवस सोमवार असला तर तेही मंगळवारवर ढकलतात, कारण शनिवार-रविवार घरी राहून आलेल्या मुलाला ते अधिक जड जाते. सगळे रुळायला दोन-तीन आठवडे धरून चालावे. मुलाला रडत सोडून पळ काढण्यापेक्षा हे कितीतरी बरे असे मला मनापासून वाटते, पण पहिल्याच पगाराची तारीख ठरलेल्या आईला ते आधी सांगायला हवे.

जानेवारीतल्या त्या चौथ्या दिवशी भाषांतरासाठी मी तिथे होते. मुलाच्या नावाच्या खुंटीवर साळूचे चित्र लावले होते, खाली त्याच्या घरात घालायच्या चपला होत्या आणि दाराशेजारी तो ऑक्टोबरमधला कागद टाचणीने लावलेला होता. आई बाहेर आली आणि आत रडणे सुरू झाले. शिक्षिकेचा आवाज आला, “कडेवर? कडेवर?” तिचा ‘ड’ अजून नीट होत नव्हता. आई खुंटीखालच्या बाकावर त्याचे बूट मांडीवर घेऊन घड्याळाकडे पाहत बसली. रडणे लगेच थांबले नाही. सात-आठ मिनिटांनी ते हळू झाले आणि मग दाराआडून “मम” असे स्पष्ट ऐकू आले.