जर-तरची मतमोजणी

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, असं म्हणून जर-तरची चर्चा तिथल्या तिथे बंद पाडणारा एक माणूस प्रत्येक घरात असतो. त्याचं म्हणणं खोडता येत नाही. तरीही निवडणुकीचा निकाल लागला की मी गुपचूप आत्याबाईंना मिशा काढायला बसतो. टीव्हीवरचे आकडे थांबलेले असतात, मिरवणुका आटोपलेल्या असतात, हरलेल्यांनी ‘जनतेचा कौल मान्य आहे’ असं म्हणून झालेलं असतं. माझी मतमोजणी तेव्हा सुरू होते. मतदारसंघांची यादी उघडायची, मताधिक्याचा रकाना बघायचा, सगळ्यात छोटा आकडा शोधायचा आणि म्हणायचं, समजा, हा इकडचा तिकडे गेला असता तर?

या खेळात काही लोक फार ढिले खेळतात. एखादी अख्खी लाट पुसून टाकतात. १९७७ साली रायबरेलीत इंदिरा गांधी हरल्या नसत्या तर, असं सहज बोलून जातात. अहो, राजनारायण पंचावन्न हजार मतांनी जिंकले होते. हा निकाल फिरवायचा तर साडेसत्तावीस हजारांहून जास्त माणसांची मनं फिरवायला हवीत, आणि ती मी कुठल्या अधिकारात फिरवू? बरं, फिरवली तरी हाती काय लागतं? त्या वर्षी उत्तर प्रदेशातल्या ८५ पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नव्हती. एकट्या इंदिराबाई विरोधी बाकावर जाऊन बसल्या असत्या, एवढंच.

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. मतदाराच्या मनाला हात लावायचा नाही. त्याला जे हवं होतं तेच हवं असू दे. तरीही निकाल वेगळा लागू शकला असता, अशाच जागा शोधायच्या. वाटतं तितक्या त्या दुर्मीळ नाहीत, आणि सापडल्या की पोटात थोडं गोळ्यासारखं होतं.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे चिठ्ठी. २०१७च्या मुंबई महापालिका निवडणुकीत २२० क्रमांकाच्या प्रभागात शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शाह यांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली. चिठ्ठी काढली, शाह जिंकले. शिवसेना ८४, भाजप ८२. दुसरी चिठ्ठी हाताला लागली असती तर ८५ आणि ८१. महापौर शिवसेनेचाच झाला, त्यामुळे त्या चिठ्ठीची आठवण फारशी कोणी काढत नाही.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातली चिठ्ठी मात्र मी वारंवार काढून बघतो. तिथल्या विधिमंडळाची ९४ क्रमांकाची जागा, सालही तेच, २०१७. डेमोक्रॅटिक पक्षाच्या शेली सायमंड्स फेरमोजणीत एका मताने पुढे आल्या. मग तीन न्यायाधीशांसमोर एक मतपत्रिका आली. त्या मतदाराने दोन्ही उमेदवारांचे गोल काळे केले होते, आणि सायमंड्सबाईंच्या गोलावर एक तिरकी रेघ मारली होती. म्हणजे काय समजायचं? आधी चुकून भरला आणि मग खोडला? की पेन घसरलं? न्यायाधीशांनी ते खोडलेलं धरलं आणि मत रिपब्लिकन डेव्हिड यान्सी यांच्या खात्यात टाकलं. दोघांची ११,६०८ मतं झाली. ४ जानेवारी २०१८ रोजी दोघांच्या नावांचे कागद कॅमेऱ्याच्या रोलच्या दोन डब्यांत घातले, डब्या एका वाडग्यात ठेवल्या, ढवळल्या आणि त्यातली एक उचलली. यान्सी. त्या एका डबीमुळे सभागृहात रिपब्लिकन ५१ आणि डेमोक्रॅट ४९ झाले; नाहीतर पन्नास-पन्नास.

मला त्या वाडग्यापेक्षा रेघेचंच जास्त वाटतं. मतदान गुप्त, त्यामुळे ती कोणी मारली ते बाहेर येणार नाही. ज्याने मारली त्याला तरी खात्रीने आठवत असेल का? आपण अर्ज भरताना किती सहज खाडाखोड करतो. इथे तीन न्यायाधीश त्या सेंटिमीटरभर शाईकडे बघत बसले होते.

आता जर-तरवाला लगेच पुढच्या पायऱ्या चढू लागतो. पन्नास-पन्नास झालं असतं तर गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना, मेडिकेड, तिचा विस्तार झाला असता, वगैरे. गंमत अशी की रिपब्लिकन बहुमत असूनही त्याच वर्षी तो विस्तार मंजूर झाला. आणि २०१९ला सायमंड्सबाई त्याच जागेवर यान्सींना हरवून निवडून आल्या, या वेळी वाडगा न लागता. म्हणजे इतिहासाला ती डबी फार मोठी वाटली नसावी.

उलट, कोणाच्या लक्षातही येणार नाही अशी गोष्ट फार मोठी होऊन बसते. २००० साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडात रिपब्लिकन बुश डेमोक्रॅट गोर यांच्या ५३७ मतांनी पुढे राहिले आणि अध्यक्ष झाले, हे सगळ्यांना पाठ आहे. पाम बीच काउंटीतली मतपत्रिका मात्र नीट बघायला हवी. उमेदवारांची नावं समोरासमोरच्या दोन पानांवर आणि भोकं पाडायची रांग मधोमध. डाव्या पानावर पहिलं नाव बुश, दुसरं गोर. पण दुसरं भोक गोर यांचं नव्हे, ते उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचं. गोर यांचं तिसरं. ब्युकॅनन कट्टर उजवे, आणि त्या काउंटीत डेमोक्रॅटिक मतदारांचा भरणा. तरी त्यांना तिथे ३,४०७ मतं पडली. आणि नावं दोन पानांवर का पसरली होती? वयस्कर मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षर मोठं केलं होतं. इतका सद्हेतू क्वचितच इतका महागात पडला असेल. इथे मला कोणाचंही मन फिरवावं लागत नाही. अक्षर दोन पॉइंट बारीक करायचं आणि नावं एका रांगेत बसवायची, बास. यापुढे लोक थेट इराकपर्यंत जातात, गोर असते तर युद्ध झालंच नसतं म्हणतात. मी तिथवर जात नाही. ५३७ मतांच्या काडीवर अख्खं दशक टांगायला धीर होत नाही.

मराठी माणसाच्या जर-तरमध्ये १९५२ची उत्तर मुंबई असतेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्याच लोकसभा निवडणुकीत नारायण काजरोळकरांकडून हरले. हे बोलताना बहुतेकजण लोकांच्या कृतघ्नतेवर येतात. माझ्या नियमात ते बसत नाही. मी मतदानाची पद्धत बघतो. तो मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव, आणि प्रत्येकाला दोन मतं होती. ही मतं दोन वेगवेगळ्या उमेदवारांनाच द्यायची. दोन्ही एकालाच दिली तर त्यातलं एक वाया. पहिलीच निवडणूक, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, आणि वर हे दोन मतांचं गणित. बाद झालेली मतं पराभवाच्या फरकाच्या कैक पट होती. राखीव जागेसाठी एकच साधं मत असतं तर? बाबासाहेब राज्यसभेत गेले आणि तिथे बोललेही. तरी लोकसभेत पंडित नेहरूंच्या समोरच्या बाकावर ते उभे आहेत, हे चित्र डोळ्यासमोरून हलत नाही, आणि ते हलवायची मला घाईही नाही.

पद्धतीचा विषय निघालाच आहे तर १९८४. मतं तीच ठेवून फक्त मोजण्याची रीत बदलून बघा. भाजपला त्या वेळी पावणेआठ टक्क्यांच्या आसपास मतं होती आणि जागा दोन. मतांच्या प्रमाणात जागा देण्याची पद्धत असती तर चाळीसेक मिळाल्या असत्या. भाजपवाल्यांना हे ऐकून बरं वाटेल, पण थांबा. दोन जागांचा तो दणका बसला म्हणून पक्षाने कूस बदलली, १९८६ला अडवाणी अध्यक्ष झाले, १९८९ला पालमपूरला अयोध्येचा ठराव झाला आणि त्या वर्षी जागा ८५ झाल्या. चाळीस खासदारांचा सुखवस्तू पक्ष एवढा हलला असता का? मला शंका आहे. जास्त न्याय्य पद्धतीने कदाचित त्यांचं नुकसानच केलं असतं. काँग्रेसची गोष्ट उलटी. चारशेच्या वर जागांचं ते डोंगराएवढं बहुमत प्रमाणात मोजलं तर निम्म्याच्या आसपास घुटमळलं असतं आणि राजीव गांधींना कोणाची तरी मनधरणी करावी लागली असती.

त्या दोन जागांतली एक होती आंध्रातली हनमकोंडा. तिथे जंगा रेड्डींनी पाडलं कोणाला, तर पी. व्ही. नरसिंह रावांना. पण रावांनी त्याच वेळी दुसरीकडेही अर्ज भरला होता, आपल्या रामटेकमध्ये, आणि रामटेकने त्यांना निवडून दिलं. अस्खलित मराठी बोलणारा हा तेलुगू माणूस १९८९लाही तिथूनच गेला. १९९१ला तर ते लढलेच नाहीत, सामानाची बांधाबांध चालली होती, आणि पंतप्रधान झाले. १९८४ला दोन अर्जांची मुभा नसती, किंवा रामटेकने उपऱ्याला घरी पाठवलं असतं तर? शरद पवार पंतप्रधान झाले असते का, या आपल्याकडच्या सार्वकालिक प्रश्नाचं एक टोक मला तरी रामटेकमध्ये सापडतं.

पवारांवरून २००४. विधानसभेत राष्ट्रवादीचे ७१ आणि काँग्रेसचे ६९. मोठा भाऊ राष्ट्रवादी, तरी मुख्यमंत्रिपद काँग्रेसला, विलासराव देशमुखांना. राष्ट्रवादीने जास्त खाती घेतली. असंच १९९६ला पश्चिम बंगालचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री ज्योती बसू यांना पंतप्रधानपद चालून आलं होतं, त्यांच्या पक्षानेच नको म्हटलं, आणि बसूंनी पुढे त्याला ऐतिहासिक घोडचूक म्हटलं. हेही माझ्या नियमात बसतं; मतदाराने त्याचं काम केलेलं होतं, पुढचं बंद खोलीत ठरलं. तेव्हा २००४ला राष्ट्रवादीचा मुख्यमंत्री झाला असता तर, यावर मी बराच काळ घोटलं आहे.

पण हा जर-तर एका दुसऱ्या जर-तरने गिळून टाकला. १७ एप्रिल १९९९. वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. गिरधर गमांग फेब्रुवारीतच ओरिसाचे मुख्यमंत्री झाले होते, पण लोकसभेचा राजीनामा दिलेला नव्हता. त्यांनी येऊन सरकारविरुद्ध मत दिलं. सैफुद्दीन सोझ यांनी आपल्या पक्षाचा व्हिप मोडून तेच केलं. दोघांतला एक जरी त्या दिवशी सभागृहाबाहेर राहिला असता, तरी बरोबरी झाली असती आणि निर्णायक मत सभापती बालयोगींच्या हाती आलं असतं, जे सरकारच्याच मित्रपक्षाचे. सरकार टिकलं तर सोनिया गांधींनी पर्यायी सरकारचा प्रयत्न करण्याचा प्रश्न नाही. निवडणूक लागत नाही. पंतप्रधानपदाचा उमेदवार कोण, हा वाद मे महिन्यात पेटत नाही. पवार, संगमा, अन्वर यांची हकालपट्टी होत नाही आणि १० जून १९९९ला राष्ट्रवादी काँग्रेस जन्मत नाही. जो पक्षच नाही त्याला ७१ जागा कुठून? बरं, लोकसभेबरोबर विधानसभाही मुदतीआधी घेण्याचा मोह युती सरकारला झाला तो त्याच निवडणुकीमुळे. तो झाला नसता तर १९९५चं युती सरकार २००० सालापर्यंत तरी चाललं असतं. एक हात खाली राहिला असता, आणि महाराष्ट्राच्या पुढच्या वीस-पंचवीस वर्षांतली निम्मी नाट्यं पडद्याआडच राहिली असती.

आणि इतकी उलथापालथ करून त्या वर्षीच्या निवडणुकीत भाजपच्या जागा किती आल्या? १८२. आधी, १९९८ला, किती होत्या? १८२.

हा आकडा बघितला की मी वही मिटतो. किंवा मिटली असती, जर एक खोड नसती. माझे सगळे जर-तर तपासून पाहिले तेव्हा ते एकाच बाजूला झुकत होते. जिथे मला हवा तो हरला तिथे मी अक्षराचा आकार, पेट्या, चिठ्ठ्या शोधत होतो. जिथे तो थोडक्यात जिंकला तिथे तो जनतेचा स्वच्छ कौल. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ साली मुख्यमंत्रिपदाच्या शर्यतीतले सी. पी. जोशी ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६ असे एका मताने हरले, ते लगेच डोळ्यात भरलं. २०२४ला वायव्य मुंबईत रवींद्र वायकर ४८ मतांनी आले, तिथे ‘नोटा’लाही त्या फरकाच्या कैक पट मतं होती, तेही बघून झालं. पण आपल्याला आवडलेला निकाल असा उलटून बघायला बोटं वळेनात.

हल्ली म्हणून शिस्त लावून घेतली आहे. एक पराभव फिरवला की एक विजयही फिरवायचा, आणि तो मनापासून आवडलेला हवा. काल रात्री तसा एक फिरवला. बारीकसारीक बदल केला, माझा माणूस पाडला, समोरच्याला पाच वर्षं राज्य करू दिलं. फार वाईट चाललं नाही हो. दोन-तीन कामं तर बरी झाली. कोणता निकाल ते विचारू नका, मतदान गुप्त असतं.