चौकटीबाहेर काय ठेवायचे? साताऱ्याच्या मुलखातील एक छायाचित्र-भटकंती

कास फुलल्याची बातमी वर्तमानपत्रात आली की पुण्या-मुंबईची माणसे साताऱ्याकडे निघतात. मीही सप्टेंबरअखेरीलाच निघाले, मात्र माझ्या डोक्यात फुलांपेक्षा काही छायाचित्रकार अधिक होते. समकालीन कलाछायाचित्रकारांची पुस्तके आणि प्रदर्शने पाहता पाहता माझी अशी समजूत होत गेली आहे की, या मंडळींची शैली चौकटीत काय आहे यापेक्षा त्यांनी चौकटीत काय येऊ दिलेले नाही यावरून लवकर ओळखू येते. जर्मनीतील कारखाने, जपानमधील बर्फ किंवा राजस्थानातील वाळवंट पाहून झालेली ही समजूत आपल्या ओळखीच्या डोंगरपठारांवर कितपत टिकते, हे मला पाहायचे होते.

महामार्ग सोडून सर्वप्रथम लिंब गावी गेले. येथील बारामोटेची विहीर शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. सुमारे ५० फूट व्यासाची आणि ११० फूट खोल असलेली ही अष्टकोनी विहीर, तिला जोडलेला आयताकृती भाग आणि या दोहोंच्या मधोमध उचललेला छोटा महाल, अशी ही रचना आहे. पायऱ्या उतरून आत गेले की कमानीतून कमान दिसते आणि भिंतीवर कोरलेले शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, वरून आपल्याकडे पाहत असतात. इथे मला कान्दिदा ह्योफर आठवल्या नसत्या तरच नवल. १९४४ साली जन्मलेल्या या जर्मन छायाचित्रकर्तीने ग्रंथालये, संग्रहालये, नाट्यगृहे आणि राजवाडे यांची भव्य रंगीत छायाचित्रे घेतली आहेत. वास्तूत जो प्रकाश असेल तोच त्या वापरतात, कॅमेरा बहुधा मध्यरेषेवर ठेवतात आणि चौकटीत माणूस येऊ देत नाहीत.

मीही महालाच्या बरोबर समोर तिवई रोवली आणि सहलीला आलेली मुले वर जाण्याची वाट पाहत थांबले. पायरीवर बसलेले एक आजोबा माझा खटाटोप पाहत होते. शेवटी ते म्हणाले, ‘‘मानसं गेल्यावर काय काढायचं हाय, बाई? नुसता दगड ऱ्हातोय की मागं.’’

त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. ह्योफर यांच्या रिकाम्या ग्रंथालयात खुर्च्या असतात, टेबलावर दिवे असतात, झिजलेली फरशी असते. म्हणजे माणूस नसला तरी त्याची जागा शाबूत असते. लिंबच्या विहिरीवर एके काळी बारा मोटा चालत, आसपासची आमराई त्या पाण्यावर पोसली जाई. आज तिथे मोट नाही, नाडा नाही, बैलही नाहीत. सगळी माणसे वगळल्यावर उरते ती एक सुबक, जवळजवळ देवळासारखी वास्तू, आणि ती मुळात पाणी उपसण्याची एक प्रचंड सोय होती हे चित्र पाहणाऱ्याला कळतच नाही. मग मी मुलांना परत येऊ दिले. कठड्यावरून वाकून पाण्यात आपला आवाज घुमवणाऱ्या त्या पोरांमुळे निदान विहिरीची खोली तरी चित्रात उतरली.

ठोसेघरच्या धबधब्यावर गर्दी होती, म्हणून तिथे न रेंगाळता चाळकेवाडीच्या पठारावर गेले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या भागात पवनचक्क्या उभ्या राहत गेल्या आणि आता नजर जाईल तिकडे पांढरे खांब दिसतात. छायाचित्रकलेची थोडीफार ओळख असलेल्या कुणालाही अशा ठिकाणी बेर्न्ड आणि हिला बेखर हे जर्मन छायाचित्रकार दांपत्य आठवेल. १९५९ पासून या दोघांनी पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे, वायूच्या टाक्या अशा औद्योगिक वास्तूंची छायाचित्रे मोठ्या आकाराच्या फिल्मवर घेतली. त्यांचे नियम कडक होते. आभाळ ढगाळ हवे, म्हणजे सावल्या पडणार नाहीत. कॅमेरा जरा उंचावर हवा, म्हणजे उभ्या रेषा सरळ राहतील. वास्तू चौकटीच्या मध्यभागी हवी. अशी नऊ, बारा किंवा पंधरा छायाचित्रे ते जाळीसारखी ओळीने मांडत. १९९० च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांना सुवर्णसिंह हा पुरस्कार मिळाला, तोही शिल्पकलेसाठी, आणि मला हा निर्णय फार मार्मिक वाटतो.

आभाळ त्या दिवशी अगदी बेखर यांच्या मनासारखे होते, राखाडी आणि सपाट. तरीही हा प्रयोग चाळकेवाडीत फसतो आणि त्याचे कारण पठारावर उभे राहिल्याशिवाय माझ्या ध्यानात आले नसते. काम एकच पण प्रत्येक गावच्या अभियंत्याने ते निरनिराळ्या रीतीने केलेले, हा त्यांच्या जाळीचा प्राण आहे. त्यांच्या दोन पाणटाक्या कधी सारख्या नसतात. पवनचक्की मात्र कारखान्यातून साच्यातल्यासारखी येते. बारा पवनचक्क्या ओळीने मांडल्या तर एकच छायाचित्र बारा वेळा छापल्यासारखे दिसेल. त्यापेक्षा साताऱ्याकडच्या गुऱ्हाळांची धुराडी अशी मांडून पाहावीत, असे माझ्या मनात येऊन गेले. कारण तिथे प्रत्येक गवंड्याचा हात वेगळा असतो.

पात्यांवर मात्र वेळ घालवावासा वाटला. भिंगावर गडद काळी काच चढवली की प्रकाश हजार पटींनी कमी होतो. एरवी सेकंदाच्या साठाव्या भागात निघणाऱ्या छायाचित्राला सतरा-एक सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पाती नाहीशी होतात आणि खांबाच्या टोकाशी एक पुसट चकती उरते. वारा इतका होता की तिवईच्या आकड्याला पिशवी टांगूनही ती थरथरत होती. शेजारून मेंढरे गेली आणि त्या काळात चित्रात नुसता एक मळकट पट्टा उमटला. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो १९७० च्या दशकापासून चित्रपटगृहात नेमके हेच करत आले. संपूर्ण चित्रपट चालू असताना कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवायची. हजारो दृश्ये एकावर एक साचून पडदा लख्ख पांढरा होतो आणि त्या उजेडात भोवतालचे नक्षीकाम दिसू लागते. त्यांनी कथा वगळली, असे म्हणावे तर ती सगळीच्या सगळी तिथे आहे. वगळण्याबद्दलची माझी समजूत इथेच पहिल्यांदा डळमळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासला गेले. पश्चिम घाटातील जी ३९ स्थळे २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली त्यांत हे पठार आहे. जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ असतो की पावसाळा सरला की सारे वाळून जाते, म्हणूनच ही फुले आपला संसार काही आठवड्यांत उरकतात. तेरड्याचा गुलाबी रंग लांबूनच दिसतो, सीतेची आसवे पाहायला मात्र गुडघे टेकावे लागतात. निळसर-जांभळ्या पाकळ्यांची ही नखाएवढी फुले नाजूक दिसत असली तरी ही वनस्पती कीटकभक्षी आहे. तिच्या सूक्ष्म पिशव्या पाण्यातले बारीक जीव आत ओढून घेतात. दव सुकायच्या आत मी त्यांची जवळून छायाचित्रे घेतली. ती बरी आली, पण अशी छायाचित्रे दर वर्षी हजारो निघतात.

माझ्या मनात होते आन्द्रेआस गुर्स्की. हे बेर्न्ड बेखर यांचे विद्यार्थी. त्यांचे १९९९ मधील ‘ऱ्हाइन २’ हे छायाचित्र २०११ साली ४३ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले आणि त्या वेळी तो छायाचित्राच्या किमतीचा विक्रम होता. हिरवळीचे आडवे पट्टे, मधून वाहणारी नदी आणि वर राखाडी आभाळ, एवढेच त्यात आहे. पलीकडच्या काठावरची इमारत आणि येणारी-जाणारी माणसे त्यांनी संगणकावर पुसून टाकली होती. कासच्या तेरड्याचेही असेच पट्टे दिसतात, आणि पायवाटेवरची गर्दी फोनवर बोट फिरवून पुसता येण्याचे हे दिवस आहेत. माझ्या शेजारची एक मुलगी तेच करत होती.

मात्र खुद्द गुर्स्की इथे आले असते तर त्यांनी गर्दी ठेवली असती, असे मला वाटते. शेअर बाजारातील दलाल असोत वा ‘९९ सेंट’ या चित्रातील दुकानाच्या मांडण्या, उंचावरून पाहिलेला असंख्य वस्तूंचा आणि माणसांचा गच्च पसारा हा त्यांच्या कामाचा तितकाच मोठा भाग आहे. नजर ठरेल असा एक मानकरी ते चित्रात ठेवत नाहीत, एवढेच. रस्त्याकडेच्या जरा उंच जागेवरून पाहिले तेव्हा केशरी, पोपटी, निळे रेनकोट घातलेली माणसे फुलांच्या पट्ट्यांमधून रांगेने चालली होती, आणि त्यांतला भडक रंग कुठला फुलांचा व कुठला प्लास्टिकचा हे लांबून सांगता येत नव्हते. या भटकंतीतले माझ्या पसंतीचे छायाचित्र ते आहे. कासला गर्दी होते म्हणून नाक मुरडणाऱ्यांना ते आवडणार नाही.

कासवरून उतरून बामणोलीला शिवसागराच्या काठी पोहोचले. कोयनेच्या धरणाचे हे पाणी, त्यावरचे धुके आणि काठाला बांधलेल्या होड्या पाहिल्या की मायकेल केना यांची नक्कल करण्याचा मोह कुणालाही होतो. १९५३ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले केना चौरस आकारातली लहान कृष्णधवल छायाचित्रे घेतात. रात्रीची काही छायाचित्रे घेताना झडप दहा-दहा तास उघडी असते. होक्काइदोमधील कुश्शारो सरोवराकाठचे एक झाड त्यांनी वर्षानुवर्षे टिपले आणि पुढे ते झाड तोडले गेले. माणूस, रंग, लाटा या सगळ्यांना फाटा देणारी ही शैली आता इतकी उसनी घेतली गेली आहे की धुक्यातला ओंडका दिसला की लोक डोळे मिटून काळी काच काढतात. ‘‘ताई, किती वेळ एकच फोटो काढताय?’’ असे होडीवाल्या दादांनी विचारले, आणि धुके उठायच्या आत मी कॅमेरा आवरला. मुळचे इतके सुंदर काम पाहिलेले असताना त्याची पातळ प्रत काढण्यात मला रस वाटला नाही.

परतीच्या आधी मुद्दाम खटाव तालुक्यात औंधला गेले. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये उभारलेल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची तैलचित्रे आहेत. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, त्यामुळे हा संग्रह हौशी संस्थानिकाच्या कोठारासारखा वाटत नाही. रविवर्म्यासमोर उभे राहिले की मला छायाचित्रांत स्वतःच भूमिका करणाऱ्या कलावंत पुष्पमाला एन. यांचे काम आठवते. छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ या काळात केलेल्या मालिकेत त्या स्वतःच रविवर्म्याची लक्ष्मी झाल्या, चांदण्यातील स्त्री झाल्या. पडदे, दागिने, रंगवलेली पार्श्वभूमी सगळे हुबेहूब असूनही नाटक लपवलेले नाही. छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१५ पासून जव्हारच्या परिसरात वेगळ्या वाटेने असेच काम केले. तेथे बोहाडा या मुखवटे घालून नाचण्याच्या उत्सवासाठी मुखवटे घडवणाऱ्या कलाकारांना त्यांनी देवादिकांऐवजी रोजच्या जगण्यातले मुखवटे करायला सांगितले, आणि ते घालून गावकरीच दवाखान्यात, दुकानात, घरात उभे राहिले. या दोघी माणसाला चौकटीबाहेर ठेवत नाहीत. माणसाला बेसावध गाठून टिपणे तेवढे त्या टाळतात. समकालीन कामात मला सर्वांत जवळचा वाटतो तो हाच मार्ग.

संग्रहालयातून बाहेर पडून यमाईच्या पायऱ्या चढू लागले, तर दर्शन घेऊन उतरणाऱ्या बायकांनी गळ्यातला कॅमेरा पाहून मला थांबवले. मी त्यांना पायऱ्यांवरच बसायला सुचवले. त्यांच्यातल्या थोरल्या बाईंनी ते साफ नाकारले. आधी पदर सारखे झाले, मग उंचीप्रमाणे ओळ लागली, नव्या सुनेला मध्ये घेतले, ओटीचे ताट कुणी धरायचे यावरून थोडी बाचाबाची झाली, आणि मागे देवीचे शिखर दिसेल अशी जागाही त्यांनीच मला दाखवली. ‘‘आता काढा,’’ असे त्या म्हणाल्या तेव्हा माझ्याकडे फक्त बटण दाबायचे काम उरले होते.