पाटी आधी, सातबारा नंतर

रविवार, रात्री

आज कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोहून खाली नदीच्या डेल्टाकडे गेलो होतो. नदीच्या बांधावरूनच रस्ता जातो, एकीकडे पाणी, दुसरीकडे पेअरच्या बागा आणि बागा पाण्यापेक्षाही खोलात. त्या रस्त्याला लागून लॉक नावाचं चिमुकलं गाव आहे. एक मेन स्ट्रीट, दोन्ही बाजूंना जुनी लाकडी दुमजली घरं, त्यातली काही चक्क कललेली. सगळं गावच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि तशी पाटी लावलीये. लोक फोटो काढतात, पुढे जातात. मला मात्र पाय उचलवेना.

कारण हे गाव ज्यांनी उभं केलं त्यांना त्याखालची जमीन कधी घेताच आली नाही. १९१५ मध्ये शेजारच्या वॉलनट ग्रोव्हमधली चिनी वस्ती आगीत गेली, मग तिथली, मूळची चीनमधल्या झोंगशानकडची मंडळी जमीनमालक जॉर्ज लॉकच्या घरच्यांकडे गेली आणि त्यांच्या बागेतली थोडी जागा भाड्याने मागून घेतली. करार तोंडी! विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता, कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही अशा परदेशी माणसांना शेतजमीन घ्यायला बंदी, आणि चिन्यांना नागरिकत्वाचं दार १८८२ पासून बंद. (पुढे १९२३ ला भगतसिंग थिंद यांच्या केसमध्ये भारतीयांनाही नागरिकत्व नाही असा निकाल लागला आणि इथले आपले पंजाबी शेतकरीही त्याच कायद्यात अडकले, हे इथल्या किती भारतीयांना माहीत असेल?)

आणि सगळ्यात जास्त लागतं ते हे की ही जमीन मुळात त्यांच्याच लोकांनी पाण्यातून वर काढली. १८६० ते १८८० च्या काळात चिनी मजुरांनी फावडी आणि हातगाड्या घेऊन चिखलात उभं राहून बांध घातले, सुमारे ८८ हजार एकर दलदल लागवडीखाली आली असं सांगतात. कोकणातली खारबंदी ज्यांनी जवळून बघितलीये त्यांना या कामाची कल्पना येईल, कंबर मोडते. मग त्याच जमिनीवर शतावरी (भाजीची, अ‍ॅस्परॅगस) काढायला आणि पेअर तोडायला हेच मजूर.

तरी गाव काय जोमात होतं! दुकानं, खानावळी, थिएटर, मुलांसाठी चिनी शाळा, जुगाराचे अड्डे, त्यातल्या दाय लॉय नावाच्या अड्ड्याचं आता म्युझियम झालंय. हंगामात हजारावर माणसं असायची. घर स्वतःचं, जमीन मालकाची, असं वर्षानुवर्षं चाललं. १९१३ चा तो जमिनीचा कायदा १९५२ मध्ये कोर्टाने मोडीत काढला पण तोवर मुलं शिकून शहरात निघाली होती, आणि जमीन काही आपोआप कुणाच्या नावावर झाली नाही. १९७१ मध्ये गाव ऐतिहासिक यादीत आलं, १९९० मध्ये राष्ट्रीय स्थळाचा मान मिळाला, आणि घरमालकांना आपापल्या घराखालची जमीन विकत घ्यायची सोय झाली २००४ मध्ये. म्हणजे पाटी आधी, सातबारा चौदा वर्षांनी! तोपर्यंत चिनी कुटुंबं अगदी थोडी उरली होती.

आमचे पणजोबा कूळ होते. १९५७ च्या १ एप्रिलनंतर कुळकायद्याने जमीन नावावर लागली, तो उतारा आजीने ट्रंकेत लुगड्यांखाली जपून ठेवलेला मी बघितलाय. आपल्याकडे निदान कसणारे हयात असताना नाव लागलं. लॉकमध्ये ज्यांनी पहिले खांब रोवले त्यातलं कोण राहिलं होतं २००४ पर्यंत?

जुनी घरं जपली याचा मला खरंच आनंद आहे, नाहीतर हे कळलंच नसतं. पण माझ्या हातात असतं तर तिथे १९१३ आणि २००४ हे दोन आकडे सगळ्यात मोठ्या अक्षरात कोरून घेतले असते. पुढच्या महिन्यात आई-बाबा येतायत, त्यांना नक्की घेऊन जाणार, आधी चिनी शाळा दाखवायची, मग मेन स्ट्रीट. बाबांनी तलाठी ऑफिसच्या खूप चकरा मारल्यात, त्यांना फार समजावून सांगावं लागणार नाही.